सेराव्हीचं मॉइश्चरायझिंग क्रीम मुंबईत चालतं का?

चालतं, पण बारा महिने एकाच मापानं नाही.

या क्रीममध्ये सेरामाइड्स, म्हणजे त्वचेतला ओलावा धरून ठेवणारे स्निग्ध घटक, तीन प्रकारचे (एनपी, एपी आणि ईओपी) आहेत आणि जोडीला कोलेस्टेरॉल आहे. हे कोलेस्टेरॉल फार महत्त्वाचं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्धांशात वजनानं साधारण 50 टक्के सेरामाइड्स, 25 टक्के कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड्स असतात. डब्यावर ठळक अक्षरांत ‘सेरामाइड’ आणि मागच्या यादीत कोलेस्टेरॉलचा पत्ता नाही, अशा क्रीमला आम्ही कमी गुण देतो. लावल्याबरोबर जाणवतो तो मऊपणा मात्र ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटमचा (म्हणजे व्हॅसलिनसारख्या जेलीचा). सेरामाइड्सना दोन ते चार आठवडे द्या.

दिवसभर एसीत बसणाऱ्यांना जुलैतही हे उपयोगी पडतं, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन येणाऱ्यांना पावसाळ्यात चेहऱ्यावर ते जड होईल. त्यांनी याच कंपनीचं पेट्रोलॅटम नसलेलं डेली लोशन घ्यावं. जांघा, काखा अशा घाम साचणाऱ्या जागी दोन्ही नकोत. तिथे गजकर्ण असेल तर आधी त्याचा इलाज करा.

तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. जानेवारीत चेहरा आणि मानेला अशा दोन रेघा, पावसाळ्यात एक पुरते. अंग टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत लावा. वरून लगेच सनस्क्रीन चोळलं तर खोडरबरासारखे कण सुटतात. पाच मिनिटं थांबा, मग सनस्क्रीन न घासता थापून लावा.

खरा घात होतो तो आंघोळीत. साबणाचा पीएच 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, आणि त्वचेत सेरामाइड्स तयार करणाऱ्या एन्झाइम्सना आम्लधर्मी वातावरण लागतं. इमारतीला बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थरही अंगावर राहतो. महागडं क्रीम घेण्याआधी साबण बदलून सिंडेट बार, म्हणजे साबणाऐवजी सौम्य डिटर्जंटची वडी, आणा. एवढ्यानंच बऱ्याच जणांचा कोरडेपणा कमी होतो.

केसांना हे क्रीम लावू नका, चिकट होतात. सेरामाइडवाल्या शॅम्पूवरही जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही, त्यातलं बरंचसं धुऊन जातं. घ्यायचाच तर कंडिशनर घ्या, यादीत वरच्या पाच-सहा घटकांत बेहेनट्रायमोनियम क्लोराइड (केसांना धरून राहून ते मऊ करणारा घटक) असलेला. तो टाळू सोडून केसांच्या लांबीला लावून दोन-तीन मिनिटं ठेवा.