जुन्या रेड वाइनच्या बुचासाठी दोन पात्यांचा ‘आ-सो’

वीस-पंचवीस वर्षे बाटलीत मुरलेली रेड वाइन मित्रांच्या जेवणात उघडायची, तर पहिली कसोटी बुचाची असते. इतक्या काळात बुचाचा खालचा भाग भिजून मऊ पडतो आणि त्याचा ताणही कमी होतो. अशा वेळी नेहमीच्या कॉर्कस्क्रूचे मळसूत्र बुचाला धरण्याऐवजी त्याचा गाभाच पोखरून टाकते. ‘आ-सो’ हे बूच काढण्याचे दोन पातळ पात्यांचे साधन बुचाला छेद देत नाही, आणि परवाच्या जेवणात १९९६ ची बारोलो (इटलीची रेड वाइन) व १९९० ची बोर्दो (फ्रान्सची) त्यानेच उघडल्यावर माझे मत पक्के झाले.

याचे एक पाते दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असते. लांब पाते आधी बूच आणि काच यांच्यामधल्या फटीत सरकवायचे, मग आखूड पाते घालायचे, मूठ आलटून-पालटून दोन्ही बाजूंना झुकवत पाती खाली न्यायची आणि शेवटी मूठ फिरवत-फिरवत बूच वर आणायचे. बारोलोचे बूच अखंड निघाले. त्याचा खालचा अर्धा भाग काळपट जांभळा झाला होता आणि बोटाने दाबताच त्याचा भुगा पडला. मळसूत्राने ते सलग निघाले असते, असे मला वाटत नाही.

बोर्दोच्या बाबतीत मात्र या साधनाची मर्यादा दिसली. बूच सैल असेल तर पाती त्याला धरण्याआधीच आत ढकलतात. ते थोडे सरकताच मी थांबलो आणि पाती अगदी हलक्या हाताने पुढे नेली, म्हणून निभावले. अशा बाटलीसाठी मळसूत्र आणि पाती एकत्र असलेला ‘ड्युरँड’ अधिक भरवशाचा आहे, कारण त्यात मळसूत्र बुचाला जागेवर धरून ठेवते आणि पाती नंतर उतरतात.

मूठ झुकवताना बाटलीही हलते, ही बाब जुन्या वाइनमध्ये फार महत्त्वाची आहे. टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारे घटक) आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन तळाशी बसलेला गाळ एकदा ढवळला की प्रत्येक पेल्यात कडवटपणा उतरतो. म्हणून बाटली निदान एक दिवस आधी उभी ठेवावी, उघडताना एका हाताने टेबलावर घट्ट धरावी, आणि मग मानेखाली दिवा धरून वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाढण्याआधी वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, एका संथ धारेने ओतावी; गाळाची रेघ बाटलीच्या खांद्यापाशी आली की थांबावे. इतकी जुनी वाइन डिकँटरमध्ये तासन्‌तास ठेवू नये, कारण तिचा नाजूक गंध हवेत लवकर विरतो. १६ ते १८ अंश सेल्सियस तापमानाला ती लगेच पेल्यांत वाढलेली बरी.

विकत घेताना पाती पातळ आणि लवचीक आहेत ना, हे आवर्जून पाहावे. जाड पाती फटीत शिरतच नाहीत आणि बुचाची कड खरवडतात.