फोल्डस्कोप: सहावी ते आठवीच्या वर्गासाठी घ्यावा का?

नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मुलांना स्वतः शोधू द्या, असं आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण वर्गात एकच सूक्ष्मदर्शक असला की रांग लागते. ‘दिसलं का?’ ‘दिसलं, मॅडम’ एवढ्यावर तास संपतो. प्रश्न सुचायला वस्तू हातात राहावी लागते. फोल्डस्कोप हा कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक मला आवडला तो यासाठीच: तो मुलाच्या दप्तरातून घरी आणि शेतावर जातो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तो तयार केला आणि २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जाड कागदाचे छापील भाग घड्या घालून जोडायचे आणि त्यात बारीक गोल भिंग बसवायचं. साधारण १४० पट मोठं दिसतं. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसावा असा मूळ विचार होता. बाजारात तयार संच अर्थातच महाग पडतो. जोडणी मुलांनाच करू द्या. कुठली पट्टी सरकवली की चित्र स्पष्ट होतं, हे त्यांना तेव्हाच समजतं.

सुरुवात बहुतेक जण कांद्याच्या पापुद्र्याने करतात. मी परागकणांनी करते, कारण ते सेलोटेपवर सहज येतात आणि काय दिसणार ते मुलांना आधी पाठ नसतं. जास्वंदीचा परागकण मोठा, अंगभर काटे असलेला. भोपळ्याचा आणि झेंडूचाही काटेरी. मका आणि ज्वारीचा मात्र गुळगुळीत. हे मी सांगितलं नव्हतं. मुलांनी चित्रं काढून शेजारीशेजारी ठेवली आणि ‘याला काटे का नाहीत?’ हा प्रश्न वर्गातूनच आला. चर्चेअंती फळ्यावर नियम लिहिला गेला: पाखरं, माश्या येतात त्या फुलाचे परागकण काटेरी, वाऱ्यावर जातात ते गुळगुळीत.

मग सातवीतल्या एका मुलीने घरच्या कांद्याच्या डेंगळ्यांवरचे, म्हणजे फुलांच्या दांड्यांवरचे, गोंडे आणले. डेंगळ्यांच्या शेतात मधमाश्यांची केवढी गर्दी असते, ते आमच्याकडच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. त्या परागकणांवर काटे नव्हते! नियम मोडला. मी उत्तर दिलं नाही. एकाने कोरड्या काचपट्टीवर दोन्ही ठेवून फुंकर मारली. मक्याचे बरेचसे उडाले, कांद्याचे चिकटून राहिले. कीटकांमार्फत परागण होणाऱ्या बऱ्याच फुलांच्या परागकणांवर तेलकट, चिकट थर असतो, हे मी त्यानंतरच सांगितलं. पाठ्यपुस्तकातलं परागीभवन त्या आठवड्यात मुलांनी ज्या ओढीने वाचलं, तशी ओढ एरवी क्वचितच दिसते.

सेलोटेपखाली अडकलेले हवेचे बुडबुडेही मुलांना भारी वाटतात. काळी जाड कड असलेलं गोल काहीतरी दिसलं की ‘जंतू!’ म्हणून ओरडतात. लगेच दुरुस्त करू नका. बुडबुडा कसा ओळखायचा हे त्यांनाच ठरवू द्या. तो उत्तम तास होतो.

मर्यादाही आहेत. दह्यातले जीवाणू दाखवायला म्हणून हा घेऊ नका. ते इतके लहान असतात की फार तर ठिपके जाणवतील. डबक्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव झरकन नजरेआड होतात, त्यांच्यामागे पट्टी सरकवायला सराव लागतो. एका वेळी एकालाच दिसतं. चुंबकाने मोबाईल जोडला की फोटो काढून सगळ्यांना दाखवता येतो. उजेडासाठी तो मोकळ्या आकाशाकडे किंवा दिव्याकडे धरावा, पण सूर्याकडे कधीही नाही. मुलांच्या हातात देण्याआधी हे बजावाच. चुंबक लहान भावंडांच्या तोंडात जाणार नाहीत, हेही घरी कळवा.

एक-दोन तासांत उरकायचा उपक्रम म्हणून घेणार असाल, तर पैसे दुसरीकडे खर्च करा. महिनाभर आठवड्यातून दोन तास देता येत असतील, तर जरूर घ्या. सगळ्यांना पुरतील इतके परवडत नसतील, तर दोघांत एक चालतो. चौघांत एक झाला की पुन्हा रांग लागते. आणि शक्य असेल तर डेंगळे फुलायच्या सुमारास सुरू करा.