बडोदा–आणंद पास: मी स्वस्तात जातो, स्कूटर महागात उभी राहते

आधी निकाल सांगतो, कारण निम्म्या लोकांना तेवढाच हवा असतो. बडोदा–आणंद सेकंड क्लासचा पास: डोळे मिटून काढा. स्टेशनजवळच्या स्टँडवर रोज दुचाकी ठेवणं: आधी वही-पेन घेऊन बसा, मग ठरवा. माझ्या वहीत पार्किंगच्या महिन्याच्या आकड्याने पासाच्या आकड्याला केव्हाच मागे टाकलंय. बायकोने परवा वही चाळली आणि विचारलं, "नोकरीला तू जातोस की स्कूटर?"

मी दांडिया बाजारात राहतो, ऑफिस आणंदला लागून असलेल्या वल्लभ विद्यानगरला. आधी बाइकने जायचो. एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाई, म्हणजे जुन्या हायवेने, वासदवरून, ट्रकांच्या मधून वाट काढत. पेट्रोल लिटरला नव्वदीच्या पुढे, आणि पाठीचा खर्च वेगळा. मागच्या पावसाळ्यात एका ट्रकने अंगभर चिखल उडवला, त्या अवतारात घरी आलो आणि आईने जाहीर केलं, "उद्यापासून ट्रेन." विषय संपला.

गाड्यांच्या वेळा, कुठला डबा कुठे येतो, हे अप-डाउनवाल्यांना पाठ असतं, त्यात शिरत नाही. पैशांचं बोलतो.

पास इतका स्वस्त आहे की पहिल्या महिन्यात मला वाटलं, खिडकीवरच्या माणसाने चुकून कमी घेतले. 35 किलोमीटरच्या आसपासचं अंतर, हवं तितक्या वेळा जा-ये, आणि रक्कम अशी की तेवढ्यात बाइकची टाकी अर्धीही भरू नये. कोविडमध्ये हे सगळं बंद होतं. मग मेमू (जवळच्या अंतराची विजेवरची गाडी) आणि पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लागलं, कमीत कमी तिकीट 30 रुपये, पुढच्याच स्टेशनला, बाजव्याला, उतरायचं असलं तरी. ते फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस परत 10 वर आलं. जुलै 2025 मध्ये भाडेवाढ लागू झाली तेव्हा आमच्या डब्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेवटी निघालं काय, तर मेल-एक्सप्रेसच्या नॉन-एसीला किलोमीटरमागे 1 पैसा, साध्या सेकंड क्लासला 500 किलोमीटरपर्यंत काही नाही, आणि पासाला हातच लावलेला नाही. एक काका म्हणाले, "आपण एवढे स्वस्त आहोत की वाढवायलाही कुणाला सुचत नाही."

किती महिन्यांचा काढावा? तीन. यावर मी बरंच डोकं घातलंय. तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या 2.7 पट पैसे, सहा महिन्यांच्या पासाला 5.4 पट, वर्षाच्या पासाला 10.8 पट. आता नीट बघा: 2.7 दुणे 5.4, चोक 10.8. म्हणजे तीन महिन्यांवर जी दहा टक्के सूट मिळते, तीच वर्षावर. जास्त पैसे एकदम अडकवण्याचं बक्षीस शून्य. खिडकीवर वर्षाचा पास काढून ऐटीत निघालेल्या माणसाला हे सांगायचा मोह मी प्रत्येक वेळी आवरतो.

अ‍ॅपवरून काढत असाल तर आर-वॉलेटमध्ये, म्हणजे त्याच्यातल्या पैशांच्या पाकिटात, आधी पैसे भरून ठेवा. अ‍ॅपवर नवा पास काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे सकाळी स्टेशनच्या पायरीवर उभं राहून काढू नका, त्या दिवसाचं तिकीट वेगळं पडेल. स्क्रीनशॉट चालत नाही, पास अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावा लागतो. फोन बंद पडला तर विनातिकीट धरतात, आणि तो दंड कमीत कमी 250 रुपये, वर भाडं. म्हणून मी कागदी पासवालाच आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरात, ओळखपत्रासकट, वरच्या खिशात. सुपरफास्टमध्ये बसायचं तर अधिभार वेगळा, आणि पास आहे म्हणून रिझर्व्हेशनच्या डब्यात घुसलात तर टीसीसमोर जो काही युक्तिवाद कराल तो त्याने आधी ऐकलेला असतो.

झालं पासाचं. आता स्टँड.

स्टेशनच्या आसपास दुचाकी ठेवायच्या जागा अनेक आहेत, सयाजीगंजच्या बाजूला आणि अलकापुरीच्या बाजूला. मी ज्या खाजगी स्टँडवर ठेवायचो त्याचं नाव लिहीत नाही, कारण मालकाशी माझं भांडण नाही, त्याच्या घड्याळाशी आहे.

दर तासांच्या टप्प्यांवर. सहा तासांपर्यंत एक, बारा तासांपर्यंत दुसरा, बाराच्या वर गेलात की चोवीस तासांचा, म्हणजे बाराचा दुप्पट. आता नोकरदार माणसाचा दिवस मांडा. सकाळी पावणेआठच्या सुमारास स्कूटर लावायची, मेमू, ऑफिस, परतीची मेमू, आणि संध्याकाळी साडेसात ते पावणेआठच्या मध्ये स्टँडवर. सगळं सुरळीत असेल तर बारा तासांना पाच-दहा मिनिटं कमी. म्हणजे हा टप्पा अप-डाउनवाल्याच्या मापानेच शिवलेला आहे, फक्त कमरेत जरा घट्ट. मेमूला वासदला बाजूला उभी करून मागची एक्सप्रेस पुढे काढली की गेले तुमचे दहा रुपये.

इथवर मी गप्प होतो. मार्ग एकच, गाड्या फार, मुंबई–गांधीनगर वंदे भारतही याच रुळांवरून, कुणाला तरी थांबावं लागणारच. पण मग एका संध्याकाळी गाडी अगदी वेळेवर आली. मी जवळजवळ पळत स्टँडवर पोचलो, आणि तरी उत्तर आलं, "बार कलाक उपर थई गया, साहेब. डबल." बारा तास उलटले म्हणे.

पावती काढून बघितली. सकाळची वेळ 7:32 छापलेली. मी त्या वेळेला घरून निघत होतो! दुसऱ्या दिवशी सकाळी पावती हातात आली तशी मोबाइलशेजारी धरली. त्यांच्या हातातलं ते छोटं पावती-मशीन चांगलं आठ-दहा मिनिटं मागे. नुसतं मागे असतं तर हरकत नव्हती, येताना मागे, जाताना मागे, हिशेब जुळला. पण संध्याकाळी तो मुलगा मशीन बघतच नाही, स्वतःच्या मोबाइलवर वेळ बघतो. आत जाताना मशीनचं घड्याळ, बाहेर पडताना मोबाइलचं. म्हणजे रोज सकाळी माझी स्कूटर माझ्या आधी दहा मिनिटं स्टँडवर हजर.

मुलाला दाखवलं. बिचारा प्रामाणिक होता. "मशीन शेठनुं छे, टाइम अमाराथी ना बदलाय." शेठ कधी असतात? दुपारी. दुपारी मी कुठे असतो? आणंदला. हे कोडं आजतागायत सुटलेलं नाही.

त्यात हेल्मेट. स्कूटरला अडकवून ठेवलं तर "हेल्मेटना पांच अलग." पावतीवर हेल्मेटचा उल्लेख नाही, त्यामुळे हरवलं तर जबाबदारी नाही, पण पाच रुपये मात्र आहेत. मी हेल्मेट मेमूत घेऊन बसायला लागलो. मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेल्या माणसाकडे जनरल डब्यात लोक आदराने बघतात, ड्रायव्हर असावा असं वाटून.

आणखी एक बारीक गोष्ट, आणि हिच्यावरून ऑफिसात माझी थट्टा झाली आहे. माझ्या सेकंड क्लासच्या प्रवासावर जीएसटी नाही. जुलै 2024 पासून प्लॅटफॉर्म तिकीट, वेटिंग रूम, क्लोकरूम, स्टेशनावरच्या बॅटरीच्या गाड्या यांनाही सूट मिळाली. पार्किंग त्या यादीत नाही, तिथे 18 टक्के. म्हणजे हलणाऱ्या माणसाला कर माफ, उभ्या स्कूटरला कर. गायकवाडांच्या काळी, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम नॅरोगेज सुरू झाली तेव्हा गाडी ओढायला बैल होते. त्या बैलांना बारा तासांचा टप्पा नसणार, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

वरचं सगळं लिहून महिनाभर तसंच पडलं होतं. मधल्या काळात बरेच प्रयोग झाले, तेही लिहितो, कारण माझं मत थोडं बदललंय.

पहिला प्रयोग फुकटचा. आत्या फतेगंजला राहते, स्टेशनपासून चालत येण्याजोगं अंतर. तिच्या सोसायटीत स्कूटर लावायला लागलो. आत्या खूश. पण आत्याच्या दारावरून चहा न घेता स्कूटर काढून नेणं ही आमच्या घरात गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. चहाबरोबर चकली, चकलीबरोबर तिच्या मोबाइलमधले फोटो कुठे गेले ते शोधणं, मग जेवूनच जा. साडेआठला घरी. वर रिकाम्या हाताने किती दिवस जाणार, आठवड्याला श्रीखंडाचा डबा. त्या डब्याची किंमत वहीत घातली आणि पार्किंग स्वस्त वाटायला लागलं. शेवटी सोसायटीच्या चेअरमनने "बाहेरची गाडी" म्हणून चिठ्ठी लावली आणि मी मनातून त्यांचे आभार मानले.

दुसरा प्रयोग, स्टँडचा महिन्याचा पास. यात तासांचा प्रश्नच मिटतो, म्हणून घेतला. मिटलाही. चिडचिड बंद झाली, हे कबूल करायला हवं, आणि रोजच्या दराच्या मानाने पैसेही बरेच वाचले. पण यांचा महिना म्हणजे 1 तारीख ते 30. रेल्वेचा पास ज्या तारखेला काढाल तिथून चालू होतो, इथे 12 तारखेला गेलात तरी पैसे पूर्ण महिन्याचे. दिवाळीत ऑफिस आठवडाभर बंद, तरी पूर्ण. आणि पास आहे म्हणून जागा राखीव असं काही नाही. सोमवारी सकाळी आत घुसायलाच मिळेना, तर मुलगा म्हणाला, चावी ठेवून जा, लावतो. चावी ठेवून गेलो. संध्याकाळी स्कूटर मिळाली, उजव्या बाजूच्या आरशाशिवाय. तो आरसा पुढे तिसऱ्याच गाडीच्या हँडलवर लटकवलेला सापडला. कुणी आणि का, विचारायचं नाही.

तरीही माझा हिशेब असा: पास अधिक पार्किंग अधिक आणंदला उतरल्यावरची शटल रिक्षा, हे तिन्ही मिळून बाइकच्या पेट्रोलच्या निम्म्यावरही जात नाही. वर मी ज्या दहा रुपयांसाठी एवढा आटापिटा केला, ते त्या बचतीपुढे काहीच नाहीत. ऑफिसातल्या मित्राने हेच मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, रक्कम लहान असली म्हणून घड्याळ बरोबर होत नाही.

तिसरा प्रयोग सध्या चालू आहे आणि मला चकित करून गेलाय. माळ्यावर भावाची जुनी सायकल होती. टायर-ट्यूब बदलून काढली. दांडिया बाजारातून कोठी, विश्वामित्री नदीवरचा कालाघोड्याचा पूल, आणि सयाजीगंज, सकाळच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं, स्कूटरपेक्षा फार जास्त नाहीत. त्याच स्टँडवर गेलो. सायकलचा दर विचारला तर दुचाकीच्या निम्म्याहून कमी, आणि तासांचं गणितच नाही. सकाळी लावा, रात्री न्या, एकच दर. पावतीही नाही, एक पत्र्याचा बिल्ला देतात, नंबर ठोकलेला, दुसरा तसाच हँडलला. मशीन नाही, घड्याळ नाही. मुलगा मला ओळखून हसला.

सायकलवाल्यांसाठी दोन सूचना. सीट क्विक-रिलीजची असेल तर नट बसवून घ्या. आणि पावसाळ्यात स्टँड निवडताना आजूबाजूच्या पानवाल्याला विचारा, ऑगस्ट 2024 च्या पुरात इथे पाणी कुठवर होतं. तेव्हा विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी 35 च्या पुढे गेलं होतं. पूल बंद झाला की सायकल काय नि स्कूटर काय, आणि सखल स्टँडवर ठेवलेली गाडी दोन दिवसांनी गाळातून काढावी लागते.

स्कूटर आता बायको नेते, त्यामुळे परत मागायची सोय उरलेली नाही. रेल्वेचा पास पुढच्या आठवड्यात संपतोय, तो तीन महिन्यांचाच काढणार. स्टँडवर सायकलचा महिन्याचा दर ठरलेला नाही, कारण आजवर कुणी मागितलाच नव्हता म्हणे. मुलगा म्हणाला, शेठना विचारून सांगतो. शेठ दुपारी येतात.