ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर: आठ महिन्यांनंतर

मजकूर हलवायला एक संध्याकाळ लागली. लेखांचे पत्ते, म्हणजे लिंका, हलवणं अजून चालू आहे.

गडभटकंतीचा माझा ब्लॉग २०१० पासून ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉगसेवेवर, होता. फुकट, आणि देखभालीचं नाव नको. मग हलवतोयस कशाला, असं घरूनही विचारलं गेलं. मला जिल्हावार गडांची सूची करायची होती आणि सगळा मजकूर आपल्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये हवा होता, एवढंच.

१९८ लेख. सगळ्यांची मिळून एक एक्सएमएल फाइल उतरवली, वर्डप्रेसवर चढवली, चहा होईपर्यंत सगळं आलं. 'दादा, पद्मावती तळ्याचं पाणी पिण्याजोगं आहे का?' ही २०१२ मधली प्रतिक्रियासुद्धा. फोटो दिसत होते, पण जुन्याच सर्व्हरवरून येत होते, हे आठवड्याने कळलं. ते एकेक करून उतरवले. वर्डमधून उचलून चिकटवायची माझी जुनी खोड. त्यामुळे परिच्छेदागणिक फॉन्टचा आकार वेगळा. एका लेखात तर चढण वाढेल तशी अक्षरंही मोठी होत जातात!

आता पत्ते. ब्लॉगरवर शीर्षक निव्वळ देवनागरीत असलं की लिंकमध्ये 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा एवढंच उरतं. रोमन पत्ता हाताने द्यायची सोय होती, पण आळस माझा. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतो, म्हणून हरखलो होतो. मग 'हरिश्चंद्रगडावरची पावसाळी रात्र' हा लेख प्रकाशित केला आणि लिंक पाहिली: 'हरिश्चंद्रगडावरची-पावसा'. पुढे काही नाही.

झालं असं, की देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. पत्त्याला मर्यादा दोनशेची, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं, त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. आमच्या हरिश्चंद्रगडाने एकट्यानेच दहा खाल्ली, गड धरायच्या आधीच. शिवाय ही लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की 'टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार' अशी चार-पाच ओळींची माळ. ट्रेकच्या ग्रुपवर एकाने विचारलं, व्हायरस आहे का रे?

शेवटी एक्सेलमध्ये दोन रकाने केले. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, छोटा, रोमन लिपीतला. स्वतःचं डोमेन आधीपासून होतं म्हणून ३०१ रिडायरेक्ट लावता आले, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्यावर जातो. नाहीतर दहा वर्षांत लोकांनी दिलेल्या लिंका गेल्याच असत्या.

बाकी किरकोळ. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरची (लेख तुकड्या-तुकड्यांनी लिहायच्या खिडकीची) सवय व्हायला महिना गेला. एकदा बॅकअप न घेता प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि रात्री साडेअकराला पांढरं पान; चूक माझीच. होस्टिंगवाल्याने पहिल्या वर्षी स्वस्तात दिलं, नूतनीकरणाचा आकडा जवळपास तिप्पट निघाला. तो आधी विचारून घ्या.

जिल्हावार सूची मात्र मनासारखी झाली. नाशिक उघडलं की साल्हेरपासून सगळे गड एका पानावर. त्यासाठी एवढा खटाटोप परवडला. नुसतं लिहायचं असेल, रविवार मोकळा मिळत नसेल, तर आहे तिथेच राहा. फक्त लेखाचा पत्ता आजपासून हाताने द्या.

एक्सेलमध्ये अजून ३१ ओळी कोऱ्या आहेत. या रविवारी अलंगपासून पुढे.