गणितासाठी आधी काय घ्यावं: कॅल्क्युलेटर की संगणक?

लोकवर्गणीतून थोडे पैसे जमले, की गावच्या शाळेत पहिला विषय संगणकाचा निघतो. यवतमाळकडच्या खेड्यात नववी-दहावीला गणित शिकवताना मी दोन्ही वापरले. तुमच्याकडे पैसे एकाचेच असतील, तर आधी कॅल्क्युलेटर घ्या.

दोन-तीनशे रुपयांचा साधा कॅल्क्युलेटर दोघांत एक तरी हातात पडतो आणि लाइन गेली तरी चालतो. आमच्या एका संगणकाभोवती पंचवीस पोट्टे उभे राहायचे, माऊस मात्र दोघांच्याच हाती. बाकीचे नुसते बघे.

पण कॅल्क्युलेटर दिला म्हणजे गणित आलं, असं नाही. मी फळ्यावर लिहिलं: कापूस ६ क्विंटल ५ किलो, भाव क्विंटलला ७,००० रुपये, चुकारा (मालाचे पैसे) किती? अर्ध्या वर्गानं ६.५ दाबून ४५,५०० काढले. एक मुलगी म्हणाली, "सर, सहा क्विंटलचेच ४२ हजार होतात. पाच किलोचे साडेतीन हजार कसे होतील जी?" बरोबर होतं तिचं. दाबायचं होतं ६.०५, उत्तर ४२,३५०. तेव्हापासून माझा नियम एकच: आधी तोंडी अंदाज वहीत लिहायचा, मगच बटण दाबायचं. दशांश चिन्हाची जागा मुलांना त्या दिवशी जशी कळली, तशी माझ्या महिनाभराच्या शिकवण्यानं कळली नव्हती.

नववीच्या अपरिमेय संख्यांनाही (ज्यांचे दशांशातले अंक संपतही नाहीत आणि ठरावीक क्रमानं परत येतही नाहीत) कॅल्क्युलेटर कामी येतो. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर २ चं वर्गमूळ १.४१४२१३५ दिसतं, हाच आकडा त्याच आकड्यानं गुणला की १.९९९९९९८. दोन का येत नाहीत, हे मुलं स्वतःच विचारतात.

पाढे पक्के होईस्तोवर, म्हणजे पाचवी-सहावीत, मी तो देणार नाही. दहावीच्या बोर्डाच्या पेपरातही कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे हातानं आकडेमोडीचा सराव सोडून भागत नाही.

संगणक सरस ठरतो तो भूमितीत. जिओजेब्रा नावाचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एकदा टाकून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. त्यात अर्धवर्तुळावरचा एक बिंदू व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडा आणि माऊसनं सरकवा. त्रिकोण बदलत जातो, त्या बिंदूपाशी कोन ९० अंशांवरच राहतो. फळ्यावर खडूनं हे दाखवता येत नाही. मात्र त्याला एकच संगणक आणि एक प्रोजेक्टर पुरतो, अख्खी लॅब लागत नाही.

म्हणून आधी दोघांत एक याप्रमाणे कॅल्क्युलेटर घ्या आणि ते शाळेच्या कपाटात ठेवा. संगणकासाठी पुढच्या वर्षीची वर्गणी आहेच.