श्रीलंकेची टूर बुक करताय? हॉटेलला स्वतः फोन करा

एप्रिलच्या उकाड्यातून चार दिवस सुटका म्हणून आई-बाबा श्रीलंकेत नुवारा एलिया या डोंगरातल्या थंड हवेच्या गावी गेले आणि दादरच्या एका टूरवाल्याने त्यांना परमुलखात अक्षरशः रस्त्यावर आणलं. पैसे सगळे आधीच भरलेले होते. त्याने हे कसं केलं ते नीट सांगते, कारण हीच युक्ती तो इतरांवरही करणार.

हॉटेलच्या वेबसाइट्सवर ‘पैसे हॉटेलवर भरा’ असा पर्याय असतो. तसं बुकिंग फुकट होतं आणि फुकटच रद्दही करता येतं. याने तेच केलं. कन्फर्मेशनच्या खालची ‘देय रक्कम’ ही ओळ कापली, वर स्वतःचा लोगो लावला आणि ते व्हाउचर म्हणून आम्हाला पाठवलं. पुढे त्याने बुकिंग रद्दही करून टाकलं. हॉटेलच्या मुलीने कॉम्प्युटरचा स्क्रीन बाबांकडे वळवून दाखवला. बाबांचं नाव बरोबर होतं, तारीखही बरोबर होती, फक्त समोर लाल अक्षरांत ‘रद्द’ लिहिलेलं.

त्यात एप्रिल हा तिथला ऐन सीझन. सिंहली-तमिळ नववर्षाला निम्मं कोलंबो वर लोटतं. गाव १८६८ मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री कडाक्याची थंडी. साठी उलटलेली दोघं बॅगा ओढत खोली शोधत फिरली, आणि मिळाली ती दुप्पट भावाने. आईला ज्यासाठी जायचं होतं ते सीता अम्मन मंदिर गावापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, ओढ्याच्या काठी आहे. खोलीच्या धावपळीत तेही राहिलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

कँडीहून येणाऱ्या ट्रेनचीही तीच गत. त्याने दोन महिने आधीच ‘सीट कन्फर्म’ म्हणून पैसे घेतले होते. तिथल्या गाड्यांचं आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं, म्हणजे तेव्हा तिकीट निघणं शक्यच नव्हतं. कागदावर उतरायचं स्टेशन ‘नुवारा एलिया’ लिहिलं होतं. त्या गावाला स्टेशनच नाही. आठेक किलोमीटरवरच्या नानू ओयाला उतरावं लागतं. जवळजवळ चार तास बाबा दाराशी उभे होते.

तेव्हा निघण्याआधी हॉटेलचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि एवढंच विचारा: आमच्या नावाचे पैसे जमा झालेत का? ‘बुकिंग आहे का’ विचारलंत तर ‘हो’ म्हणतील. टूरवाला स्वतःच्या खासगी खात्यावर यूपीआय करायला सांगत असेल आणि जीएसटीचं बिल देत नसेल, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यामुळे बाबांना लांब खेपा घालाव्या लागत नाहीत. टूरवाल्याचा फोन बंद आहे, पण दुसऱ्या नंबरवरून त्याच फोटोंसह दिवाळीच्या टूरचे मेसेज ग्रुपवर फिरू लागलेत.