पाच लिटरचा साधा कुकर: घ्यावा कोणता, बिघडतो कुठे

चार माणसांच्या घराला पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, आतल्या झाकणाचा कुकर पुरतो. स्टीलचा दिसायला छान, पण त्याचा तळ सगळीकडे सारखा तापत नाही आणि खिचडी लागते. स्टीलच हवा असेल तर जाड सँडविच तळाचा, म्हणजे स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेला, घ्या. इंडक्शनवर साधं ॲल्युमिनियम तापतच नाही, तेव्हा तळावरची इंडक्शनची खूण आधी बघा. आयएसआय शिक्का तर हवाच.

हॉकिन्सचं झाकण आत बसतं. प्रेस्टिजचं, नेहमीच्या मॉडेलात, बाहेरून फिरवून लावायचं. आतलं झाकण लंबगोल असतं. ते तिरकं घालून वर ओढायला दोन-चार दिवस सवय करावी लागते. पण वाफच त्याला आतून काठावर दाबून धरते, त्यामुळे प्रेशर आहे तोवर ते उघडत नाही. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचं तोंड मोठं असतं, डबे काढायला बरं पडतं. रोज तीन डब्यांचा कुकर लावणाऱ्यांनी तोच घ्यावा.

1679 साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडं मऊ करणारा बंद हंडा केला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आत सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाब होतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे अन्न शिजवते ती वाफ, शिट्टी नव्हे! मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पटापट होतात आणि डाळ कच्चीच राहते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा. डब्यातल्या वरण-भाताला दहा मिनिटं पुरतात. तळाशी दोन वाट्या पाणी, खाली डाळ, वर तांदूळ. वाटीभर तुरीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. डाळ थेट कुकरमध्ये शिजवायची तर पाण्यासकट निम्म्यावर भरू नका, नाहीतर फेस वर चढून वाफेची नळी बुजवतो. तळच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की कुकर आतून काळा पडत नाही.

काठातून वाफ निसटते, शिट्टी येत नाही: बहुतेक वेळा रिंग कडक झालेली असते. थंड पाण्यात ठेवून तेवढी वेळ निभावते. खरा उपाय नवी रिंग, साधारण वर्षाला एक. रिंग ठीक असेल तर शिट्टीचं वजन उचलून वाफेची नळी उजेडाकडे धरा, पलीकडचं दिसलं पाहिजे.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो बिघाड नाही, त्याने आपलं काम केलं. पाणी आटलं की त्यातला मऊ धातू वितळतो. तिथे जुगाड म्हणून खिळा किंवा एम-सील अजिबात नको, त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह बसवा. हँडलचा स्क्रू सैल झाला तर मिनिटात आवळता येतो.

रिंग आणायला जाताना जुनी सोबत न्या. पाच लिटर लिहिलेलं असलं तरी एका कंपनीची रिंग दुसरीच्या झाकणाला बसेलच असं नाही.